पक्षाविना निवडणूक : न्यूझीलंडची पहिली संसद, १८५३

पूर्वापार

ब्रिटिश संसदेने १८५२ साली न्यूझीलंडसाठी राज्यघटनेचा कायदा केला आणि त्यानुसार या वसाहतीतील पहिली सार्वत्रिक निवडणूक १४ जुलै ते १ ऑक्टोबर १८५३ या अडीच महिन्यांत पार पडली. सहा प्रांत, २४ मतदारसंघ आणि ३७ जागा असा तिचा पसारा होता. देशभर पसरलेला एकही राजकीय पक्ष तेव्हा नव्हता आणि तसा पक्ष सत्तेवर यायला पुढे जवळजवळ ४० वर्षे लागली. पक्षच नसेल तर मतदार काय पाहून मत देतो आणि निवडून आलेल्या माणसांतून सरकार कसे उभे राहते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि येथे संसदीय राजकारणाची सुरुवातच होत असल्यामुळे त्याची उकल या उदाहरणात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसेल.

आधी मतदार कोण होते ते पाहू. वय २१ वर्षे पूर्ण झालेला पुरुष, ब्रिटिश प्रजाजन आणि मालमत्तेची अट पूर्ण करणारा, अशाच व्यक्तीला मत होते. स्वतःच्या मालकीची किमान ५० पौंडांची जमीन, किंवा वर्षाला १० पौंड किमतीचा भाडेपट्टा, किंवा शहरात १० आणि खेड्यात ५ पौंड वार्षिक भाड्याचे राहते घर, यांपैकी काहीतरी एक असावे लागे. वसाहतीत जमीन स्वस्त होती, त्यामुळे इंग्लंडमध्ये ज्याला मताची आशाही करता आली नसती असा सुतार किंवा लहान शेतकरी येथे मतदार होऊ शकत असे. तरीही युरोपीय वस्ती सुमारे ३० हजारांची असताना यादीत नाव नोंदवलेले पुरुष सहा हजारांच्या आतच होते. ज्याची मालमत्ता एकाहून अधिक मतदारसंघांत असेल त्याला प्रत्येक ठिकाणी मत देता येई, आणि मतदानाच्या तारखा निरनिराळ्या असल्यामुळे घोड्यावरून किंवा बोटीने फिरून असे मत देणे शक्यही होते.

प्रत्यक्ष निवडणूक दोन टप्प्यांत होई. ठरलेल्या दिवशी निर्वाचन अधिकारी लोकांसमोर उभा राहून उमेदवारांची नावे मागवी. एकजण नाव सुचवी, दुसरा अनुमोदन देई, मग उमेदवार भाषण करी आणि जमलेले लोक हात वर करून कौल देत. नाव एकच असेल तर तो उमेदवार तेथेच बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर होई. बे ऑफ आयलंड्स मतदारसंघातून ह्यू कार्लटन असेच बिनविरोध निवडून आले आणि न्यूझीलंडच्या संसदेचे पहिले निर्वाचित सदस्य ठरले. हात मोजल्यावर पराभूत बाजूने मतदानाची मागणी केली, तर काही दिवसांनी रीतसर मतदान होई. त्या दिवशी मतदार टेबलापाशी येऊन आपल्या उमेदवाराचे नाव सर्वांसमक्ष तोंडी सांगे आणि ते नोंदवहीत लिहिले जाई. उमेदवारांची माणसे शेजारीच बसून टिपणे ठेवत असत, त्यामुळे दुपारपर्यंत कोण किती मतांनी पुढे आहे आणि आपल्या दुकानदाराने, कुळाने किंवा मजुराने कोणाचे नाव घेतले, हे गावभर झालेले असे.

जाहीरनामा म्हणजे वर्तमानपत्रात छापलेले मतदारांना उद्देशून पत्र. त्यात उमेदवार आपले चारित्र्य, वसाहतीतील आपली वर्षे, जमिनीच्या किमतीविषयीचे मत आणि गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्याविषयीची आपली भूमिका मांडत असे. या पत्रांत एक गोष्ट मात्र येऊच शकत नव्हती. आपण निवडून आलो तर कोणाबरोबर बसू आणि कोणाचे सरकार आणू, हे उमेदवाराला सांगता येत नव्हते, कारण ते त्यालाच ठाऊक नव्हते. मतदार माणूस निवडत होता, परंतु राज्यकारभार निवडण्याचा कोणताही मार्ग त्याच्या हाती नव्हता. या मुद्द्यावर जाणकारांनी आपले मत द्यावे, ही विनंती.

पृच्छक

लेख अतिशय आवडला, परंतु शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. माणूस पाहून मत देणे हेच प्रतिनिधित्वाचे मूळ रूप आहे. जो उमेदवार आपल्या गावचा आहे, ज्याचा व्यवहार आपण पाहिलेला आहे, त्याला निवडून पाठवावे आणि सभागृहात त्याने स्वतःच्या विवेकाने मत द्यावे, यात वाईट काय आहे? पक्षादेशाच्या धाकाने हात वर करणाऱ्या सदस्यापेक्षा १८५३ मधला तो सदस्य मला अधिक स्वतंत्र वाटतो. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका आजही पक्षचिन्हावर होत नाहीत, आणि त्यामागे हाच विचार आहे.

मीमांसक

ग्रामपंचायतीचे उदाहरण पृच्छक यांनी दिले ते बरे झाले, कारण ते त्यांच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते. चिन्ह पक्षाचे नसले तरी प्रत्येक गावात पॅनेल उभे राहतेच. दोन घराणी, दोन आळ्या किंवा सोसायटीच्या जुन्या वादातून पडलेले दोन तट असतात, आणि मतदाराला कोण कोणाच्या पॅनेलचा हे पाठ असते. १८५३ च्या ऑकलंडमध्ये नेमके हेच घडले होते. तेथे एक गट स्वतःला ‘प्रोग्रेस पार्टी’ म्हणवत होता आणि दुसरा ‘कॉन्स्टिट्यूशनल पार्टी’. पहिल्यामागे विल्यम ब्राउन आणि जॉन लोगन कॅम्बेल या व्यापारी भागीदारांचे वजन होते, तर दुसऱ्याचे पुढारी वसाहतीतील लष्कराचे प्रमुख रॉबर्ट विन्यार्ड होते. नावात ‘पार्टी’ असली तरी ऑकलंडच्या वेशीबाहेर या गटांना अस्तित्व नव्हते आणि वेलिंग्टनच्या किंवा नेल्सनच्या मतदाराला त्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते. म्हणून ‘पक्ष नव्हते’ याचा अर्थ ‘तट नव्हते’ असा होत नाही. तट गावोगावी होते, पण ते गावातच संपत होते.

हॉविककर

मी ऑकलंडच्या पूर्वेला हॉविक येथे राहतो, त्यामुळे या चर्चेत एका मतदारसंघाची भर घालतो. १८५३ च्या यादीत ‘पेन्शनर सेटलमेंट्स’ नावाचा दोन जागांचा मतदारसंघ होता आणि त्यात हॉविक, पान्म्यूर, ओटाहुहू आणि ओनेहुंगा ही चार वसतिस्थाने मोडत होती. आज ही सारी ऑकलंड शहराची उपनगरे आहेत. १८४७ ते १८५२ या काळात ब्रिटिश सैन्यातील निवृत्त शिपाई कुटुंबांसह येथे आणून वसवले गेले. त्यांना ‘फेन्सिबल’ म्हणत. गरज पडल्यास शहराचे रक्षण करायचे, ठरावीक दिवशी कवायतीला हजर राहायचे आणि सात वर्षांची सेवा झाली की घर आणि एक एकर जमीन स्वतःच्या मालकीची, असा तो करार होता. त्यांची काही लाकडी घरे येथील ऐतिहासिक खेड्यात जपून ठेवलेली आहेत. त्यांपैकी जोडघराच्या मधल्या एकाच फळीच्या भिंतीपाशी उभे राहिले की शेजारचे बोलणे सहज ऐकू येत असावे, हे लगेच कळते.

आता मतदानाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. या शिपायांचे घर, जमीन आणि निवृत्तिवेतन सरकारी कृपेवर अवलंबून होते, आणि त्याच वर्षी ऑकलंड प्रांताच्या प्रमुखपदासाठी, ज्याला सुपरिंटेंडंट म्हणत, विन्यार्ड हे स्वतः लष्करप्रमुख उभे होते. मत तोंडी आणि सर्वांसमक्ष द्यायचे होते. फेन्सिबल शिपायांनी विन्यार्ड यांच्या बाजूने मोठ्या प्रमाणावर मते दिली आणि ते निवडून आले. प्रत्येक शिपायावर दबाव होता असे मी म्हणत नाही, कारण जुन्या सेनाधिकाऱ्याविषयी आदर हेही खरे कारण असू शकते. परंतु ज्या पद्धतीत आदर आणि भीती यांतला फरक बाहेरून ओळखताच येत नाही, ती पद्धत मतदाराला न्याय देत नाही, असे मला ठामपणे वाटते. पृच्छक ज्या ‘ओळखीच्या माणसाला मत’ याचे कौतुक करतात त्याची ही दुसरी बाजू आहे. उमेदवाराची मतदाराला ओळख असते, तशी उमेदवारालाही मतदाराची ओळख असते.

निरंजना

आतापर्यंतच्या चर्चेत देशातील बहुसंख्य माणसे कोठेच आलेली नाहीत. १८५३ मध्ये माओरींची, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, संख्या युरोपीय वसाहतवाल्यांपेक्षा बरीच अधिक होती. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, आणि माओरी प्रमुख व ब्रिटिश राणी यांच्यातील १८४० च्या वाइतांगी करारानुसार माओरी हे ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणून कागदावर माओरी पुरुषालाही मत होते. परंतु माओरींची जमीन जमातीच्या सामायिक मालकीची होती आणि मताची अट वैयक्तिक मालकीची किंवा भाड्याची होती. परिणामी या पहिल्या निवडणुकीत सुमारे १०० माओरींनाच मत देता आले, आणि त्यांत बहुतेक प्रमुख मंडळी होती. पुढे १८५९ मध्ये लंडनमधील ब्रिटिश सरकारच्या विधी अधिकाऱ्यांनी सामायिक मालकीच्या जमिनीवर मताचा हक्क मिळत नाही असा अभिप्राय दिला आणि उरलीसुरली शंकाही संपली.

पूर्वापार विचारतात की पक्ष नसताना मतदार राज्यकारभार कसा निवडणार. मी विचारते की ज्यांची जमीन या संसदेच्या कायद्यांनी जाणार होती त्यांना उमेदवार तरी निवडता आला का? १८५८ मध्ये वायकाटोच्या प्रदेशात पोटाटाऊ ते व्हेरोव्हेरो यांना राजा म्हणून गादीवर बसवण्यात आले. त्यामागे जमिनीची विक्री रोखणे हा मुख्य हेतू होता, परंतु ज्या संसदेत आपल्याला स्थान नाही तिच्याशी समोरासमोर बोलण्यासाठी स्वतःची सत्ता हवी, हाही विचार त्यात होता. १८६० मध्ये तारानाकीत युद्ध पेटले आणि १८६३ मध्ये वायकाटोवर सैन्य चालून गेले. १८६७ मध्ये माओरींसाठी चार जागा वेगळ्या काढल्या गेल्या आणि २१ वर्षांवरील प्रत्येक माओरी पुरुषाला मालमत्तेच्या अटीशिवाय मत मिळाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर १४ ते १६ जागा द्याव्या लागल्या असत्या. गुप्त मतदान तर या जागांसाठी १९३८ पर्यंत आले नाही, जेव्हा इतरांना ते १८७० च्या कायद्याने मिळालेले होते. हॉविककर यांनी सांगितलेला उघड मतदानाचा दबाव माओरी मतदाराने जवळजवळ ७० वर्षे अधिक सोसला.

पूर्वापार

निरंजना यांचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका मोलाचा आहे. पृच्छक यांच्या ‘स्वतंत्र सदस्या’कडे मी आता वळतो, कारण त्या स्वातंत्र्याचे पुढे काय झाले हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येणार नाही.

निवडणूक ऑक्टोबर १८५३ मध्ये संपली. गव्हर्नर ग्रे यांनी प्रांतिक कौन्सिले सुरू केली, परंतु संसद न बोलावताच ते देश सोडून गेले. मग हंगामी गव्हर्नर म्हणून कारभार आला तो विन्यार्ड यांच्याकडे, म्हणजे लष्करप्रमुख, ऑकलंडचा निर्वाचित प्रांतप्रमुख आणि राणीचा प्रतिनिधी ही तिन्ही पदे एकाच माणसाकडे आली. २४ मे १८५४ रोजी ऑकलंडमध्ये संसद भरली. तिच्यासाठी घाईने उभारलेल्या लाकडी इमारतीला लोकांनी चेष्टेने ‘शेडिफिस’ असे नाव दिले होते. दक्षिणेकडील सदस्यांना तेथे पोहोचायला समुद्रमार्गे कित्येक दिवस लागत, आणि सदस्यत्वाला वेतन नव्हते. त्यामुळे ज्याची मेंढरे, दुकान किंवा वकिली काही महिने दुसऱ्याच्या भरवशावर सोडता येतील अशाच माणसाला संसदेत जाणे परवडत होते.

सभागृहाने पहिलीच मागणी केली ती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे मंत्री सभागृहाला उत्तरदायी असावेत अशी. हा ठराव मांडणारे होते हट मतदारसंघातून निवडून आलेले एडवर्ड गिबन वेकफील्ड. लिटल्टनचे जेम्स फिट्झजेराल्ड आणि क्राइस्टचर्चचे हेन्री स्यूएल यांना विन्यार्ड यांनी कार्यकारी मंडळात घेतले खरे, परंतु जुने सरकारी अधिकारी पदावर कायम राहिले आणि लंडनहून परवानगी नाही म्हणून खरा अधिकार मिळेना. तेव्हा ऑगस्टमध्ये फिट्झजेराल्ड आणि त्यांचे सहकारी राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर विन्यार्ड यांचे सल्लागार म्हणून पुढे आले ते कोण? तेच वेकफील्ड, ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी मंत्र्यांच्या उत्तरदायित्वाचा ठराव मांडला होता. हटच्या मतदारांनी त्यांना यासाठी निवडले होते का, हे विचारायलाही कोणती जागा नव्हती. त्यांनी कोणत्याही पक्षाचे वचन मोडले नव्हते, कारण तसे वचन अस्तित्वातच नव्हते.

१८५५ च्या अखेरीस दुसरी निवडणूक झाली आणि १८५६ मध्ये जबाबदार राज्यपद्धती एकदाची आली. आता तिचा हिशेब पाहा. ७ मे रोजी स्यूएल यांचे मंत्रिमंडळ आले, २० मे रोजी विल्यम फॉक्स यांचे आले आणि २ जूनला एडवर्ड स्टॅफर्ड आले. महिन्याभराच्या आत तीन मंत्रिमंडळे झाली आणि मतदारांना मात्र एकदाही विचारले गेले नव्हते. हे सदस्य लाचखाऊ किंवा उथळ नव्हते. पुष्कळजण सुशिक्षित आणि कष्टाळू होते. प्रांतांना अधिक अधिकार हवेत की मध्यवर्ती सरकार बलवान हवे, यावर त्यांचे प्रामाणिक मतभेद होते. परंतु प्रत्येक सदस्य स्वतंत्र असल्यामुळे काल मिळालेला पाठिंबा आज टिकेल याची कोणत्याही पंतप्रधानाला खात्री नव्हती. स्टॅफर्ड टिकले ते त्यांनी जमिनीचे उत्पन्न प्रांतांच्या हाती देणारा समझोता घडवला म्हणून, आणि हा समझोतासुद्धा प्रांतांच्या पुढाऱ्यांनी आपसांत केलेला होता.

पृच्छक

आपण दिलेले तपशील वजनदार आहेत आणि वेकफील्ड यांचे उदाहरण मला विशेष अस्वस्थ करून गेले. तरीही एक शंका राहते. वचन मोडणे पक्ष असतानाही घडतेच. मतदार पक्षाला मत देतो आणि पक्ष निकालानंतर भलत्याच्याच मांडीला मांडी लावून बसतो, हे आपण आपल्या राज्यात पाहिलेले आहे. मग फरक केवळ वचनाच्या आकाराचा आहे का?

मीमांसक

फरक आकाराचा नसून जाब विचारण्याच्या सोयीचा आहे, असे मी म्हणेन. पक्ष वचन मोडतो तेव्हा वचन काय होते हे तरी सर्वांना माहीत असते.

तथापि पूर्वापार यांच्या मांडणीतील एका गोष्टीवर मला आक्षेप नोंदवायचा आहे. त्यांच्या लिखाणातून असा समज होतो की पक्ष नसलेल्या संसदा अस्थिर आणि म्हणून निष्फळ होत्या. मताधिकाराचा इतिहास याच्या उलट सांगतो. खाणकामगारांना सोन्याच्या खाणीचा परवाना दाखवून मत देण्याचा हक्क १८६० मध्ये मिळाला, माओरींच्या जागा १८६७ मध्ये, गुप्त मतदान १८७० मध्ये आणि सर्व प्रौढ पुरुषांना मत १८७९ मध्ये मिळाले. १८८१ मध्ये माओरी जागा वगळता सर्वत्र एकाच दिवशी मतदान झाले आणि १८८९ मध्ये एकाहून अधिक ठिकाणी मत देण्याची मालमत्ताधारकांची सवलत गेली. ही सर्व कामे पक्ष नसलेल्या संसदांनी केली आहेत. शेजारच्या ऑस्ट्रेलियन वसाहतींतही तसेच झाले. टास्मानिया, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया यांनी १८५६ मध्ये गुप्त मतदानाचे कायदे केले, तेव्हा तेथेही संघटित पक्ष नव्हते. सरकारने छापलेली मतपत्रिका, तिच्यावर सर्व उमेदवारांची नावे आणि खूण करण्यासाठी आडोसा, ही पद्धत त्या वसाहतींतून जगभर गेली. व्हिक्टोरियात नको असलेल्या उमेदवारांची नावे खोडावी लागत, तर दक्षिण ऑस्ट्रेलियात विल्यम बूथबी यांनी हव्या त्या नावापुढील चौकोनात फुली मारण्याची रीत आणली. खुद्द ब्रिटनने हे पाऊल १८७२ मध्ये उचलले.

पूर्वापार

मीमांसक यांचा आक्षेप योग्य आहे आणि मला तो माझ्या मुद्द्याला पूरकही वाटतो. ज्या प्रश्नावर सदस्य एकेकटे पटून एकत्र येऊ शकत होते, तेथे या संसदांनी उत्तम काम केले. अडचण आली ती पैसा आणि जमीन यांच्या बाबतीत. १८७० पासून अर्थमंत्री ज्युलियस व्होगेल यांनी मोठी कर्जे काढून रेल्वे आणि रस्ते बांधायला घेतले, तेव्हा प्रत्येक सदस्याची पहिली निष्ठा आपल्या मतदारसंघातील पुलाशी आणि लोहमार्गाच्या फाट्याशी होती, आणि पाठिंबा त्यावर ठरत होता. फॉक्स चार वेळा आणि स्टॅफर्ड तीन वेळा पंतप्रधान झाले, यावरून सरकारे किती सहज फिरत होती ते दिसते. १८७६ मध्ये प्रांत रद्द झाले आणि प्रांतवादी विरुद्ध केंद्रवादी हा जुना तटही मोडला. त्यानंतर मोठ्या जमीनदारांची मालकी, बेकारी आणि कामगारांची स्थिती हे प्रश्न पुढे आले, आणि ते एका मतदारसंघात मावणारे नव्हते.

१८९० च्या ऑगस्टपासून मोठा सागरी संप झाला आणि तो मोडला. त्यापाठोपाठ ५ डिसेंबरला निवडणूक झाली. मालमत्ताधारकांना अनेक मते नसलेली ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक होती. जानेवारी १८९१ मध्ये जॉन बॅलन्स यांचे लिबरल मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि देशभर शाखा असलेली पक्षसंघटना त्यानंतर बांधली गेली.

निरंजना

पक्षाच्या पहिल्या काही वर्षांतीलच एक घटना येथे नोंदवते, कारण ती दोन्ही बाजूंना विचार करायला लावते. एप्रिल १८९३ मध्ये बॅलन्स यांचे निधन झाले आणि रिचर्ड सेडन पंतप्रधान झाले. स्त्रियांच्या मताधिकाराचे विधेयक कनिष्ठ सभागृहातून वरिष्ठ सभागृहात, म्हणजे नियुक्त सदस्यांच्या कायदे कौन्सिलात, आले होते. केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी त्यासाठी सह्यांचे प्रचंड अर्ज गोळा केले होते. सेडन यांना हे विधेयक नको होते, म्हणून त्यांनी पक्षाच्या एका सदस्याला तारेने गाठून त्याचे मत फिरवायला लावले. हा हस्तक्षेप उघड झाल्यावर मताधिकाराला विरोध असलेले दोन सदस्य इतके संतापले की त्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले. ८ सप्टेंबरला ते २० विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाले आणि १९ सप्टेंबर १८९३ रोजी त्यावर गव्हर्नरची सही झाली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यूझीलंडच्या स्त्रियांनी सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले. २० डिसेंबरला माओरी जागांसाठी मतदान झाले आणि त्यात माओरी स्त्रियाही होत्या.